अंगणात आलेली शाळा

अलिबागच्या माणसाला चरीचा संप सांगावा लागत नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात शेतकऱ्यांची सभा झाली, आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. पुढची सहा वर्षे खारेपाटातल्या पंचवीस गावांत नांगर फिरला नाही. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण मागे हटले नाहीत. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, त्यामागे या गावांची उपासमार होती. संपाच्या आठवणींत नेते येतात, खोत येतात, मामलेदार येतो. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन निघालेल्या आईच्या मागे घरी राहिलेली मुले मात्र क्वचितच येतात.

अशी मुले कोकण किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एकदा इतिहासाच्या मध्यभागी आली. अलिबागपासून मुंबई ओलांडून उत्तरेला गेले की डहाणू, बोर्डी, उंबरगाव हा पट्टा लागतो. किनाऱ्यालगत चिकूच्या बागा आणि आत डोंगराकडे वारली आदिवासींचे पाडे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची सभा झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने तिथे वेठबिगारीविरुद्ध हाक दिली. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ते जोखड वारल्यांनी फेकून दिले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, पाच जण मेले. सारा पट्टा धुमसत होता.

त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, बोर्डी गावात त्रेपन्न वर्षांच्या एका बाईंनी लहान मुलांची शाळा काढली. त्या ताराबाई मोडक. सोबत पस्तिशीची एक शिक्षिका होती, अनुताई वाघ. संस्थेचे नाव ग्राम बाल शिक्षा केंद्र. एकीकडे वेठबिगारीविरुद्धची लढाई पेटलेली असताना यांनी नखे कापायला आणि केस विंचरायला सुरुवात केली. कुणाला ते तेव्हा किरकोळ वाटले असेल. पण आज देशभर खेडोपाडी जी अंगणवाडी दिसते, तिची पहिली रेघ इथे ओढली गेली.

ताराबाई तिथवर सरळ वाटेने आल्या नव्हत्या. जन्म मुंबईचा, १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले सुधारक. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या, अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले, ते फार काळ टिकले नाही. लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एका भारतीय बाईला मिळालेले ते पद, पगार, बंगला, प्रतिष्ठा हे सगळे सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाईही वकिली सोडून आलेले. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभारला आणि ‘शिक्षण पत्रिका’ चालवली. मुलांना मारू नये, घाबरवू नये, त्यांच्या हाताला काम द्यावे, हे गुजराती आणि मराठी पालकांना पहिल्यांदा इतक्या आग्रहाने सांगितले गेले ते या पत्रिकेतून. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. मुंबईच्या मध्यमवर्गात बालशिक्षणाचे नाव झाले.

आणि नेमकी तिथेच त्यांना अडचण दिसली. त्यांची शिकवण्याची पद्धत मॉन्टेसोरीची. मारिया मॉन्टेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत काढले होते. मजुरांच्या चाळीतच एक खोली, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यात हुंदडणारी त्यांचीच मुले, आणि येताजाता डोकावणाऱ्या आया. म्हणजे पद्धतीचा जन्म चाळीतला. पण समुद्र ओलांडून ती भारतात आली तेव्हा तिच्यासोबत पॉलिश केलेली लाकडी साधने, ठरावीक मापाची टेबले आणि मोठे शुल्क आले. गरिबांच्या मुलांसाठी सुरू झालेली गोष्ट सधनांच्या मुलांची झाली. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसोरीबाईंना भेटले, त्यांच्या कामाविषयी आदराने बोलले. पण हिंदुस्थानातल्या खेड्यात ते कसे पोचणार, हा गांधीजींचा प्रश्न राहिलाच. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची योजना ठरली, तीही शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपुरती होती. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत शिक्षणाचा विचार जन्मापासून करायचा असे ठरले, आणि शाळेच्या आधीच्या मुलांचे काय, हा विषय पुढे आला. ताराबाईंनी तो आपला मानला. दादर सोडून बोर्डीला जाण्याचे कारण हे होते.

बोर्डी निवडण्यामागे व्यवहारही होता. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल तिथे १९२० पासून होते, आचार्य भिसे यांच्यासारखी माणसे तिथे आदिवासींमध्ये काम करत होती. पाय टेकायला जागा होती.

अनुताईंची वाट आणखी खडतर. १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी संपायचे. घरच्यांनी शिकवले, अनुताई शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यात नोकरी केली, मग पुण्याला हुजूरपागेत बरीच वर्षे शिकवले. मॅट्रिक केले ते रात्रशाळेत, दिवसा शिकवून. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांच्या शिबिरासाठी त्या बोरिवलीला आल्या आणि तिथे ताराबाई भेटल्या. पुण्याची कायम नोकरी सोडून बोर्डीला जायचे त्यांनी ठरवले. १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या त्याच भागात राहिल्या.

बोर्डीच्या बालवाडीत सुरुवातीला गावातली मुले येऊ लागली. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती येईनात. तेव्हाच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत, तिथली मुले गावाच्या मधोमध असलेल्या शाळेत पाऊल टाकत नव्हती. त्यात गावाची नजर होती, आईबापांची भीती होती, अंगावर कपडा नसण्याची लाज होती. शिवाय मूल नेऊन सोडायला घरात मोकळे माणूसच नव्हते. एरवी शिक्षक अशा वेळी सांगतात की या लोकांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. त्यांनी शाळाच उचलून वाड्यात नेली.

कार्यकर्त्या सकाळी वाड्यात जात. एखादे अंगण झाडून घेत. मुलांना गोळा करून आंघोळ घालत, डोक्याला तेल लावत, केस विंचरत, नखे कापत, खरूज असेल तर औषध लावत. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणजे किनाऱ्यावरचे शंखशिंपले, चिंचोके, गोटे, झाडाची पाने, बांबूचे तुकडे. मॉन्टेसोरीच्या पेटीतून जे मोजणे, जुळवणे, क्रम लावणे शिकायचे ते चिंचोक्यांतूनही शिकता येते, हे ताराबाईंनी दाखवून दिले. गावातली मध्यवर्ती बालवाडी चालू होतीच. तिच्या जोडीला वाड्याच्या अंगणात भरणारी ही अंगणवाडी सुरू झाली.

या अंगणाचे मोल मला फार मोठे वाटते. चार भिंतींच्या शाळेत मूल आत जाते आणि आई बाहेर राहते. अंगणात आई उंबऱ्यावर बसून सगळे पाहते. आपल्या पोराला कुणी ओंगळ म्हणून हटकत नाही, एक शिकलेली बाई त्याला मांडीवर घेऊन न्हाऊ घालते, हे तिला दिसते. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पोराचे तोंड धुऊन ठेवते. आरोग्य, आहार, आईचे शिक्षण असे वेगवेगळे विभाग सरकारी कागदावर पुढे आले. त्या अंगणात ते एकाच सकाळी, एकाच बाईच्या हातून होत होते, आणि कुठलाही विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवत नव्हता.

तेव्हाची शिवाशीव पाहिली तर या मुलांना आंघोळ घालणे ही त्या काळातली केवढी मोठी कृती होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अठराच वर्षे झाली होती.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी किनाऱ्याचे गाव होते, कोसबाड वारल्यांच्या पाड्यांच्या मधोमध. इथे कामाची कसोटी लागली, कारण वारली मुलाचा दिवस शाळेच्या दिवसाशी कुठेच जुळत नव्हता. पाच-सहा वर्षांचा मुलगा गुरे घेऊन रानात जाई. त्याची बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन घर सांभाळी, कारण आई सावकाराच्या वाडीत किंवा गवत कापायला गेलेली असे. दुपारी जंगलातून काही खायला आणायचे. अशा मुलाला सकाळी अकराच्या घंटेला बोलावणे म्हणजे त्याच्या घराला एक दिवस उपाशी राहा म्हणणे.

कोसबाडने गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. शिक्षक पिशवीत पाटी-पेन्सिली, चित्रे घेऊन कुरणात जाई. गुरे चरत आणि झाडाखाली शाळा भरे. गुरे पांगली की मुले उठून वळवून आणत, परत बसत. पाने मोजायची, पक्ष्यांची नावे घ्यायची, ढेकळाने दगडावर अक्षर काढायचे. गुराख्याच्या पोराला रान शिकवायची गरज नव्हती, तेच शिक्षकाला शिकवे. ज्यांना दिवसा वेळच नव्हता अशांसाठी रात्रीचे वर्ग होते.

मुलींचा प्रश्न याहून अवघड होता. मोठी बहीण शाळेत आली तर तिच्या कडेवरचे मूल कुठे ठेवायचे? शाळेत आणले तर ते रडणार, वर्ग मोडणार. घरी ठेवायला कुणी नाही. कोसबाडचे उत्तर होते पाळणाघर, आणि तेही शाळेला लागून. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताराबाईंनी या रचनेला विकासवाडी म्हटले. मोठी मुलगी येताना धाकट्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः पहिली-दुसरीच्या वर्गात बसे. मधल्या सुट्टीत धाकट्याला बघून येई. तीन मुलांची सोय झाल्यावर एक मुलगी साक्षर होत असे, आणि तिची आई निश्चिंत मनाने कामावर राहू शकत असे. वारली मुलगी शाळेत का येत नाही या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर महाराष्ट्रात त्याआधी कुणी दिले असेल असे मला वाटत नाही.

शाळेने घराचाही भार उचलायचा, ही कल्पना महाराष्ट्राला अगदी परकी नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या आरंभी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले, आणि तिथल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. बाहेरही असे प्रयत्न चालू होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरला हेन्री मॉरिस यांनी १९३० मध्ये सॉस्टन येथे शाळा आणि गावाचे सभागृह, वाचनालय, प्रौढांचे वर्ग एकाच इमारतीत आणले. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९३५ पासून शाळेच्या इमारती संध्याकाळी वस्तीसाठी उघडल्या गेल्या, पुढे तिथे दवाखानाही आला. पण या सगळ्या ठिकाणी घर शाळेकडे यायचे होते. वसतिगृहात तर मूल घरापासून तुटायचे. कोसबाडने मुलाला आईपासून तोडले नाही.

टेकडीवर बालसेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि तिथे शिकलेल्या बायका महाराष्ट्रभर गेल्या. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. काम अनुताईंनी पुढे नेले. पन्नाशी उलटल्यावर, डोळे अधू झाले असताना त्या बी. ए. झाल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मचरित्र आजही प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात ३३ प्रकल्प, आणि प्रत्येक गावातल्या केंद्राचे नाव अंगणवाडी. बोर्डीच्या वाड्यात रुजलेले नाव दिल्लीच्या कागदावर आले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणे, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. २००१ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत न्यायला सांगितले, २००६ मध्ये चौदा लाख अंगणवाड्यांचा आकडा आखून दिला. जगात लहान मुलांसाठी इतकी मोठी योजना क्वचितच असेल. तिने लाखो मुले जगवली आहेत, आणि हे तिच्यावर टीका करण्याआधी म्हटले पाहिजे.

तरीही कोसबाडचे जे मर्म होते ते वाटेत गळाले. सरकारने नाव घेतले, खाऊ घेतला, वजनकाटा घेतला. पाळणाघर घेतले नाही. अंगणवाडी सकाळी काही तास भरते आणि मजूर आई संध्याकाळी परतते. मधले सगळे तास पुन्हा त्या मोठ्या बहिणीच्या कडेवर येतात. कुरणशाळा तर योजनेत आलीच नाही. ताराबाईंनी शाळेची वेळ घरावरून ठरवली होती, सरकारने ती कार्यालयावरून ठरवली. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात सरकारने व्यवस्था करावी एवढी सौम्य शिफारस आहे. कायद्याच्या दृष्टीने अंगणवाडीतले मूल अजून शाळेच्या बाहेरच उभे आहे.

अनुताईंचा मृत्यू सप्टेंबर १९९२ मधला. त्याच वर्षी त्यांच्याच जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. कोसबाडपासून ते फार दूर नाही. एका टेकडीवरचे निष्ठावंत काम जिल्हा वाचवू शकत नाही. ते काम जिल्ह्याने आपले मानावे लागते, त्याला पैसा, माणसे आणि जमीन द्यावी लागते. परुळेकरांची वेठबिगारीविरुद्धची लढाई आणि ताराबाईंचे अंगण या दोन गोष्टी एकमेकींना पूरक होत्या असे माझे मत आहे, आणि त्या एकमेकींपासून लांब राहिल्या याची हळहळ वाटते.

या वारशाची खरी धनी आज अंगणवाडी सेविका आहे. तिला कर्मचारी न म्हणता मानधनी म्हणतात. तिला ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका बेमुदत संपावर गेल्या. अनुताईंनी जे काम व्रत म्हणून केले ते आपण लाखो बायकांकडून व्रताच्या भावात करून घेत आहोत, आणि हे थांबले पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रायगडमधल्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव वाडीतल्या अंगणवाडीच्या पटावर असते, मूल भट्टीवर असते. किनाऱ्यावर कोळणी भल्या पहाटे बंदरावर जातात, तेव्हा कुठलीच अंगणवाडी उघडलेली नसते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ काढून दाखवल्या. भट्टीवरच्या खोपटाला भोंगा म्हणतात, शाळा तिथेच भरवली. कुरणशाळेचीच ती धाकटी बहीण. म्हणजे हे होऊ शकते, आणि आपल्या किनाऱ्यावर झालेले आहे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आज उपलब्ध आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देण्याचे कलम कायद्यातच आहे.

रायगड जिल्हा परिषदेने कातकरी वाड्यांतल्या आणि कोळीवाड्यांतल्या अंगणवाड्यांना पाळणाघर जोडावे, त्यांच्या वेळा आईच्या कामावरून ठरवाव्यात, आणि दिवाळी ते पाऊस या काळात सेविकेला भट्टीवर पाठवून तिला त्याचा पुरता पगार द्यावा. अलिबाग तालुक्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत एवढा एक ठराव लेखी मांडा, आणि तो वाडीतल्या एखाद्या आईला मांडायला सांगा.